नखाचा कोपरा कापू नका

पायाच्या अंगठ्याचं नख बाजूच्या मांसात रुतलं की बहुतेक जण टोचणारा कोपरा खोलवर कापून टाकतात. लगेच बरं वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. कोपरा आखूड, तिरका कापला की बाजूचं मांस त्या रिकाम्या जागेवर चढतं. नख वाढतच असतं, पण त्याला पुढे यायला वाट उरत नाही. कापताना आत राहिलेलं बारीक टोक मग सरळ मांसात घुसतं.

माझ्या उजव्या अंगठ्याचं तसंच झालं. ऐन पावसाळा, शाळेची नोकरी, दिवसभर पायात पुढून निमुळते, ओले बूट. नखाची कड दुखू लागली तेव्हा पार्लरमधल्या मुलीनं ती खोल कोरून दिली. काही आठवड्यांतच अंगठा सुजला. रात्री चादर लागली तरी जीव कळवळायचा. शेजारच्या काकूंनी नखुरड्यावर करतात तसा लिंबात अंगठा घालायला सांगितला. त्यानं चिघळलेली कातडी नुसती चुरचुरली. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी पू आटला, पण गोळ्या संपल्या की ठणका पुन्हा हजर. काटा आत ठेवून वरून कितीही औषध केलं तरी जखम भरणार कशी? पुढे नखाशेजारी लाल मांस वाढलं, जरा धक्का लागला की त्यातून रक्त यायचं. अखेर सर्जनकडे गेले.

त्यांनी फक्त अंगठ्याला भूल देऊन नखाची रुतलेली कडेची पट्टी काढली आणि तेवढ्या भागाच्या मुळाशी फिनॉल लावलं, म्हणजे ती पट्टी पुन्हा उगवू नये. त्याच दिवशी घरी आले. सगळं नख उपटून टाकावं लागेल या भीतीनं अनेक जण दुखणं अंगावर काढतात; बहुतेकांना त्याची गरज नसते. शिवाय मुळावर उपाय न करता नख नुसतं उपटलं, तर नवं नख येताना पुन्हा रुतू शकतं. तुमच्यावर ही वेळ आली तर मुळाचं काय करणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

भाच्याचं मात्र घरीच निभावलं, कारण त्यानं अंगठा लाल होताच सांगितलं; पू धरला नव्हता. दिवसातून दोन-तीनदा, पंधरा मिनिटं, सोसेल अशा कोमट पाण्यात थोडं मीठ घालून पाय बुडवायचा. कातडी मऊ झाली की कापसाच्या बोळ्यानं नखाकडेचं मांस हलक्या हातानं बाहेर लोटायचं. मग स्वच्छ कापसाचा बारीक पीळ करून नखाच्या कोपऱ्याखाली अलगद सरकवायचा. जोर लावायचा नाही, जाईल तेवढाच. रोज जुना पीळ काढून नवा घालायचा, आणि बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडा करायचा. दुखलंच तर पॅरासिटामॉल. पायात उघडी चप्पल, आणि फुटबॉल काही दिवस बंद. त्यावरून घरात बरीच धुसफुस झाली, पण दुखरा अंगठा बुटात कोंबून खेळलं की सगळी मेहनत वाया जाते.

यात घाई चालत नाही. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पुरतं नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कोपरा मांसाच्या वर येईपर्यंत नेलकटर त्याच्याजवळ नेऊ नका. नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असं मलाही कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं नाही. नख मुळातून वाढतं, टोकाला पाडलेल्या खाचेनं कडेची वाढ बदलत नाही.

पुढच्यासाठी, पायाची नखं आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, सरळ रेषेत कापा. हाताच्या नखांसारखी गोल नकोत, आणि बोटाच्या टोकाच्या आतवर तर नकोतच. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उभं राहून पाहा, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या आडव्या अंगठ्याएवढी जागा हवी. वाढत्या मुलांचे शाळेचे बूट वर्ष संपायच्या आत आखूड होतात. ‘एवढं वर्ष काढ’ म्हणू नका. पावसाळ्यात दप्तरात मोज्यांचा कोरडा जोड द्या.

हे सगळं धडधाकट पायांसाठी. मधुमेह असेल, पायांना बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर यातलं काहीही घरी करू नका. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचं नख रुतून पू झाला होता, तरी त्यांना दुखत नव्हतं. मोज्यावरचा डाग दिसला म्हणून कळलं. संवेदना गेलेल्या पायाला गरम पाणी भाजलेलंही कळत नाही, आणि एवढीशी जखम चिघळून बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते. पू, पायावर वर सरकणारी लाली किंवा ताप असेल, तर मधुमेह नसलेल्यांनीही थांबू नये.

घरात मधुमेह असलेलं वडीलधारं माणूस असेल, तर त्यांचे पाय रोज तुम्ही स्वतः पाहा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. नखाशेजारी लाली दिसली, तर ते ‘काही दुखत नाही गं’ म्हणाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.