सराव नसलेले चिलखत

शास्त्रभाग : १ शमुवेल १७:३१–४०; निर्गम ३५:३०–३५



गेल्या अंकातील हिशेब वाचून काही जणांनी विचारले, की रुग्णालयासाठी आलेल्या दानातून या वेळी नवे यंत्र का घेतले नाही, आणि "परिचारिका प्रशिक्षण" या एका ओळीपुढे एवढी रक्कम कशी. एका बांधवांनी तर उपासनेनंतर मला दारातच थांबवले आणि म्हणाले, "सिस्टर लोक शिकूनच येतात ना?" प्रश्न रास्त आहे. या तिमाहीचा अभ्यासपाठ मला लिहायला सांगितला, तेव्हा याच प्रश्नावर लिहायचे ठरवले.

दावीद आणि गल्याथाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकतो. गोफण, पाच गुळगुळीत गोटे आणि पडलेला राक्षस एवढे मुलांना पाठ असते. मधला भाग आपण घाईने वाचतो. शौल राजा दाविदाला स्वतःचे चिलखत घालतो, डोक्यावर पितळी टोप ठेवतो, तलवार देतो. राजाची भेट आहे, मनापासून दिलेली आहे, आणि त्या छावणीत त्याहून चांगले साहित्य कोणाकडेही नसणार. दावीद ते अंगावर घालून चालून बघतो आणि उतरवून ठेवतो. कारण एकच सांगतो : याची मला सवय नाही. चिलखतात दोष नव्हता. हाताला सराव नव्हता. गोफणीचा मात्र होता. मेंढरे राखताना सिंह आणि अस्वल यांच्याशी त्याची गाठ आधीच पडलेली होती.

आमच्या रुग्णालयातही अशी चिलखते होती. चांगल्या मनाने पाठवलेली, प्लास्टिकच्या वेष्टनात, कपाटावर ठेवलेली. पण मी दुसऱ्यांबद्दल बोलण्याआधी स्वतःबद्दल सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयात होते. पावसाळ्याची रात्र होती. डोंगरावरच्या एका पाड्यातून बाईला झोळीतून खाली आणले होते, आणि तिथून जीपने. बाळ पूर्ण दिवसांचे होते, पण जन्मल्यावर रडले नाही. नाळ कापली, पुसले, पाठ चोळली, श्वास नाही. मी अँबू बॅग घेतली, तोंडावर मास्क ठेवला आणि दाबत राहिले. बराच वेळ दाबत राहिले. बाळ गेले. सकाळी मी त्या आईजवळ बसले, तिचा हात धरला आणि म्हणाले, "बाई, देवाची इच्छा." ती काही बोलली नाही. सगळ्यांनी मला सांगितले, तू जेवढे करायचे तेवढे केलेस.

त्यानंतर दोन वर्षांनी नवजात बाळाच्या श्वासाचे प्रशिक्षण होते. केंद्र सरकारने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, त्यातले. माझ्यापुढे रबराचे डमी बाळ ठेवले. मी मास्क लावला, पिशवी दाबली. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, छाती बघा." छाती हलत नव्हती. मास्क मोठा होता, डोळ्यांवर चढला होता, आणि हनुवटीजवळून सगळी हवा बाहेर जात होती. शिवाय मान पुढे वाकलेली होती. खांद्याखाली कापडाची छोटी घडी ठेवली, मान किंचित मागे केली, लहान मास्क घेतला, आणि पहिल्याच दाबाला छाती वर आली.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्या रात्री त्या बाळाची छाती हलली होती का? मला आठवत नाही, आजही आठवत नाही. कारण मी छातीकडे पाहतच नव्हते, पिशवीकडे पाहत होते. बाळ कदाचित तरीही वाचले नसते. ते प्रभूला ठाऊक. पण त्या आईला मी जे वाक्य बोलले, ते बोलण्याचा मला अधिकार नव्हता. देवाच्या इच्छेवर ढकलण्याआधी मास्क तपासायला हवा होता.

माझ्याकडे तेव्हा जीएनएमचे प्रमाणपत्र होते, चांगल्या गुणांचे. कौन्सिलची नोंदणी होती. दोन्ही खरी होती. विद्यार्थी असताना मी हे शिकलेही होते. पण बहुतेक बाळे जन्मताच आपोआप रडतात. काहींना पुसले-चोळले की पुरते. पिशवी आणि मास्क लागणारी बाळे शंभरांत मोजकी. छोट्या रुग्णालयात एका सिस्टरच्या ड्यूटीत असे बाळ कित्येक महिने येत नाही. तोवर हात विसरतो. आणि येते तेव्हा तिला एकच मिनिट असते, ज्याला आम्ही सोनेरी मिनिट म्हणतो. त्या मिनिटात पुस्तक उघडता येत नाही. शिकलेले कौशल्य वापरले नाही तर काही महिन्यांतच उतरू लागते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणूनच हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचे जे प्रशिक्षण असते, त्याच्या प्रमाणपत्रावर दोन वर्षांची मुदत छापलेली असते.

कायद्याचेही दोन शब्द सांगते. भारतात नर्सिंगचा पहिला मध्यवर्ती कायदा १९४७ चा. त्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि मधल्या काळात शिक्षण चालू ठेवल्याचे दाखवावे लागते. हे चांगलेच आहे. पण व्याख्यानाला बसल्याचे तास मोजणे वेगळे आणि हाताला येते का ते पाहणे वेगळे. उपासनेला हजर राहणे आणि वचन पाळणे यांतला फरक आपल्या मंडळीला समजावून सांगायला नको.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. खेड्यातल्या बायका, पुष्कळशा निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. त्यांना एकदाच शिकवून गावी पाठवले असते तर काय झाले असते कोण जाणे. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, आठवडाभरात गावात काय पाहिले ते सांगत आणि पुन्हा शिकून परत जात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि त्यांच्या कामावर सतत लक्ष ठेवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अक्षरओळख फारशी नसलेली बाई सरावाने बाळ वाचवते आणि मी प्रमाणपत्रवाली हवा बाहेर घालवते, हे पचायला मला वेळ लागला.

आता आमच्याकडे काय चालते ते सांगते. दर मंगळवारी सकाळची प्रार्थना झाली की रात्रीच्या ड्यूटीचा रिपोर्ट सुरू होण्याआधी दहा मिनिटे सराव असतो. एका आठवड्याला बाळाचा श्वास. दुसऱ्या आठवड्याला बाळंतपणानंतर अंगावरून फार जाणे : पोट चोळणे, ऑक्सिटोसिन, सलाईन, वार पूर्ण पडली का ते पाहणे, आणि रक्त नजरेने न अंदाजता मोजणे. नजर नेहमी कमीच सांगते. तिसऱ्या आठवड्याला गर्भवतीचे झटके. मॅगसल्फची एक अँप्यूल एक ग्रॅमची. पहिला डोस स्नायूत द्यायचा असेल तर दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, म्हणजे दहा अँप्यूल फोडायच्या, तेही बाई झटके देत असताना. ज्याने हे आधी कधी केले नाही, त्याचे हात तिसऱ्या अँप्यूललाच थरथरतात. आणि पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी तपासायची, नाहीतर औषधच घात करते. चौथ्या आठवड्याला सर्पदंश. इथे चूक फार साधी होते. रक्त गोठते का पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे असते. आमची एक नेटकी मुलगी त्या नळ्या साबणाने लख्ख धुऊन ठेवत असे. साबणाने धुतलेली नळी खोटे उत्तर देते. स्वच्छतेबद्दल तिला शाबासकी देणारी मीच होते!

दर तीन महिन्यांनी तपासणी होते. चेकलिस्ट हातात घेऊन एक जण बघतो, बोलत नाही. काही पायऱ्या अशा आहेत की त्यांतली एक चुकली तरी पुन्हा सराव, पुन्हा तपासणी. उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या कागदावर "प्रशिक्षण पूर्ण" असे मोघम लिहीत नाही. कोणते काम येते ते एकेक लिहितो, आणि त्याची मुदत एक वर्ष. ज्या सिस्टरचे बाळाच्या श्वासाचे काम झालेले नाही, ती लेबर रूममध्ये एकटी नाईट करत नाही.

हे लिहायला सोपे आहे. आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर पहिल्या फेरीत दोन कामांत राहिल्या. बावीस वर्षांची सेवा. मी या रुग्णालयात नवी आले तेव्हा इथली लेबर रूम त्यांनीच मला दाखवली होती. त्यांची नाईट काढली तेव्हा त्या मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुला इथला रस्ता मी दाखवला, आणि आता तू मला नापास करतेस?" तीन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, प्रभुभोजनाच्या रांगेतसुद्धा नाही. मला झोप येत नसे. एका रात्री मी लेबर रूमशेजारून जात होते तर आत दिवा. त्या एकट्या डमी बाळावर मोजत होत्या, एक… दोन… तीन. मी न बोलता परत फिरले. बाळाचे काम त्यांनी तिसऱ्या वेळी पार पाडले. मॅगसल्फच्या हिशेबात त्या अजून अडखळतात, म्हणून आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत तक्ता लावला आहे, आणि खरे सांगायचे तर तो मीही बघते.

डोंगरावरच्या आमच्या दवाखान्यात एकच एएनएम सिस्टर आहे. तिला तपासणीसाठी खाली बोलावले तर दवाखाना दोन दिवस बंद, म्हणून मीच डमी बाळ घेऊन वर जाते. बसमध्ये ते शालीत गुंडाळून मांडीवर असते. एकदा शेजारच्या आजी बराच वेळ पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "पोर रडत नाही, दूध पाजलं का?" सगळी बस हसली, आणि मग उतरेपर्यंत मी त्या आजींना बाळाचा श्वास कसा पाहायचा ते शिकवत होते.

तिथल्या गेल्या उन्हाळ्यातल्या तपासणीत त्या मुलीने रक्तस्रावाचे काम बिनचूक केले. पायरीन् पायरी. मग मी सहज विचारले, "ऑक्सिटोसिन कुठे आहे?" तिने कपाट उघडून दाखवले. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते. मे महिना होता, पत्र्याचे छप्पर, फ्रीज आठ दिवस बंद कारण वीज नाही. तिने खाली दोनदा निरोप पाठवला होता. तो आमच्या ऑफिसात पडून होता. म्हणजे त्या दिवशी नापास झालो ते आम्ही. वहीत मी तसेच लिहिले. थंडाव्याची गरज नसलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या त्याच आठवड्यात वर पाठवल्या. बर्फाच्या पॅकचा डबा मात्र पोहोचायला पावसाळा लागला.

निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात बसालेलाबद्दल वाचा. सोने, रुपे, पितळ, लाकूड यांत काम करण्याचे कौशल्य देवाच्या आत्म्याने त्याला दिले, आणि त्याच्याबरोबर अहलियाबालाही. पण तिथे आणखी एक गोष्ट आहे, जी मी कित्येक वर्षे वाचून पुढे जात असे : दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्यांच्या मनात घातली. पवित्रस्थानासाठी लोकांनी आपले दागिने आणून दिले होते, नको म्हणावे इतके आणले. पण त्या दानाचा दीपवृक्ष घडवायला घडवणारे हात लागले. आपल्या स्त्रियांच्या सभेत हा पाठ घ्याल तेव्हा हे दोन शास्त्रभाग शेजारी ठेवून वाचा आणि एकमेकींना विचारा, आपल्या मंडळीत कपाटावर ठेवलेले चिलखत कोणते आहे.

त्या बांधवांना मी दारात नीट उत्तर देऊ शकले नव्हते, कारण मागे लोक खोळंबले होते. त्यांनी हे वाचले असेल अशी आशा आहे. या तिमाहीत वरच्या दवाखान्यासाठी सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या फ्रीजची चौकशी चालू आहे. तो आला तर त्याबरोबर तो सांभाळायचे शिक्षणही घ्यायचे ठरले आहे. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी माझी स्वतःची वार्षिक तपासणी आहे. चेकलिस्ट त्या ज्येष्ठ सिस्टरांच्या हातात असेल. पहिलेच काम बाळाच्या श्वासाचे आहे. सकाळी सातच्या सुमारास आठवण झाली तर प्रार्थनेत ठेवा.