टिपणांची आज्ञावली आणि अनेक वह्या : एक विचार

(द्वितीय वर्ष, कला)

टिपण काढणे हा विद्यार्थ्याचा नित्याचा उद्योग. व्याख्यान चालू असताना, ग्रंथालयात संदर्भ चाळताना, क्वचित एस.टी.च्या दांडीला धरून उभे असतानाही आपण काही ना काही टिपून ठेवतो. याकरिता पूर्वी वही हेच साधन होते. आता संगणकावर आणि मोबाईलवर टिपणे ठेवण्याच्या आज्ञावल्या, म्हणजे बोलण्यात ज्यांना आपण ॲप म्हणतो त्या, उदंड झाल्या आहेत. त्यांपैकी अगदी साध्या आज्ञावलीत एकच यादी असते : नवी नोंद वर, जुनी खाली. अशा आज्ञावलीत एकाऐवजी अनेक वह्यांची सोय करावयाची झाल्यास ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय संगणकशास्त्राचा, तो कला शाखेच्या विद्यार्थिनीने कशाला घ्यावा, अशी शंका कोणी घेईल. परंतु 'ही गोष्ट कोणत्या वहीत जाते' हा प्रश्न मुळात वर्गीकरणाचा आहे, आणि वर्गीकरण हा ग्रंथपालांचा, इतिहासाच्या अभ्यासकांचा आणि घर चालविणाऱ्या बायकांचाही विषय आहे.

शेवटचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला आहे. आमच्या घरी एकच जुना लॅपटॉप आहे आणि तो तिघे वापरतात. पायथन ही संगणकाची भाषा थोडीफार शिकल्यावर मी त्यावर टिपणांची एक लहानशी आज्ञावली लिहिली. तिच्यात माझी इतिहासाची व अर्थशास्त्राची टिपणे आहेत, धाकट्या भावाचा अभ्यास आणि क्रिकेट यांची मिसळ आहे, आणि आईच्या बचत गटाच्या नोंदी आहेत. आई गटाची सचिव आहे. गटाच्या कागदी वह्याच मुळात चार : सभेच्या इतिवृत्ताची वही, रोकड वही, बचतीची खतावणी आणि कर्जाची खतावणी. आईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले; पण कोणती गोष्ट कोणत्या वहीत लिहावयाची, हे तिला कोणाला विचारावे लागत नाही. संगणकावर मात्र हे सारे एकाच यादीत येऊन पडले आणि 'पानिपतच्या पराभवाची कारणे' या टिपणाखाली 'दोघींचा हप्ता राहिला' अशी नोंद दिसू लागली. अनेक वह्यांची गरज निर्माण झाली ती अशी.

आता पहिला प्रश्न असा की, संगणकात वही म्हणजे नेमके काय? ती एक जागा आहे, की नोंदीला चिकटवलेली चिठ्ठी? कागदाच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पान वहीला शिवलेलेच असते. संगणकात ते शिवण आपणच घालायचे असते.

वही ही जागा मानली, तर प्रत्येक वहीसाठी एक फोल्डर करावा आणि प्रत्येक नोंद त्यात एक फाइल म्हणून ठेवावी. हा मार्ग समजावयास सर्वांत सोपा. उद्या आज्ञावली बंद पडली तरी फाइली वाचता येतात, ही त्याची मोठीच जमेची बाजू. पण मग फोल्डरच्या नावाचे नियम वहीच्या नावावर येऊन बसतात. शैक्षणिक वर्षाची वही '२०२४/२५' या नावाने करू गेल्यास संगणक ती करू देत नाही, कारण मधली तिरकी रेघ तो फोल्डरांच्या सीमेची खूण समजतो. वापरणाऱ्याने आपल्या वहीला काय नाव द्यावे हे यंत्राने ठरवावे, हे मला पटत नाही.

चिठ्ठीचा मार्ग 'टॉमबॉय' या आज्ञावलीत पाहावयास मिळतो. २००६ साली ग्नोम या लिनक्सवरील व्यवस्थेच्या २.१६ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली होती. तिच्यात सर्व नोंदी एकाच फोल्डरमध्ये असतात. एखादी नोंद एखाद्या वहीची असेल तर त्या नोंदीच्या फाइलीत 'सिस्टिम:नोटबुक:' असे लिहून पुढे वहीचे नाव घातलेले असते, एवढेच. वही नावाची वस्तू डिस्कवर कोठेच नाही, आहेत त्या फक्त चिठ्ठ्या! युक्ती नामी आहे. वह्यांसाठी फाइलींची निराळी मांडणी करावी लागत नाही. पण वहीचे नाव बदलावयाचे झाले, तर तिच्यातील प्रत्येक नोंदीवरची चिठ्ठी बदलणे आले.

मी या दोहोंच्या मधला मार्ग घेतला. एसक्यूलाइट नावाची एक माहितीसाठ्याची प्रणाली आहे. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली प्रथम प्रसिद्ध केली आणि पायथनबरोबर ती आयतीच मिळते. तिच्यात दोन तक्ते केले : एक वह्यांचा, दुसरा नोंदींचा. प्रत्येक वहीला एक क्रमांक. आणि प्रत्येक नोंदीपुढे, ती ज्या वहीची आहे तिचा क्रमांक. नाव नव्हे, क्रमांक. नाव फक्त वह्यांच्या तक्त्यात एकदाच लिहिलेले असते, त्यामुळे 'अर्थशास्त्र' बदलून 'अर्थशास्त्र, सत्र ३' केले तरी दोनशे नोंदींपैकी एकीलाही हात लावावा लागत नाही. हजेरीपटावर आपला क्रमांक असतो आणि लग्नानंतर नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, त्यातलाच हा प्रकार.

मात्र नावाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, आणि मराठी वापरणाऱ्यांनी येथे अंमळ थांबावे. एकाच नावाच्या दोन वह्या होऊ देऊ नयेत, हा नियम कोणीही करील. परंतु 'एकच नाव' म्हणजे काय? 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा ऱ युनिकोड या सर्वमान्य संकेतानुसार निदान दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. हीच गत 'ॲ' ची. हे अक्षर एकसंध लिहिता येते, किंवा 'अ' वर चंद्र देऊनही लिहिता येते. भाऊ मोबाईलवर टंकलेखन करतो आणि मी लॅपटॉपच्या कळफलकावर. आमच्या दोघांच्या 'ॲथलेटिक्स' या वह्या दिसावयाच्या जुळ्या आणि असावयाच्या परक्या. अक्षरांची रूपे एकसारखी करून घेण्याची ठरावीक प्रक्रिया पायथनमध्ये आहे खरी, पण वरील दोन्ही जोड्यांना ती एक मानत नाही. म्हणून वहीचे नाव साठविण्यापूर्वी हे फरक मिटवून घेणारी चारदोन ओळींची वेगळी सोय करावी लागते. इंग्रजी वापरणाऱ्यांसाठी बनविलेल्या आज्ञावलीत या गोष्टीचा विचार झाला असेलच, असे धरून चालू नये.

यानंतरचा प्रश्न अधिक वादाचा आहे. एक नोंद एकाच वहीत असावी, की अनेक वह्यांत असू शकावी? सहकारी चळवळीवरचे टिपण इतिहासाच्या वहीत जाते आणि अर्थशास्त्राच्याही. प्रचलित आज्ञावल्यांत याविषयी एकमत नाही. एव्हरनोटमध्ये नोंद एका वेळी एकाच वहीत राहते, पण तिला चिठ्ठ्या अनेक लावता येतात. वननोटने तर वही, विभाग आणि पान अशी कागदी उतरंडच उचलली. गूगल कीपमध्ये वह्याच नाहीत. केवळ लेबले आहेत.

याबाबत आपल्याकडील जुन्या जमाखर्चाची पद्धत मला फार उद्बोधक वाटते. दुकानदार दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत तारखेवार लिहितो आणि मग तोच खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो. कीर्द सांगते कधी, खतावणी सांगते कोणाचे. दोन्ही हव्यातच. परंतु त्यासाठी तीच रक्कम दोनदा लिहावी लागते आणि दोन ठिकाणी लिहिले की कधी तरी दोन ठिकाणी निराळे लिहिले जाते. मग ताळा जमेपर्यंत रात्र जागावी लागते. संगणकाने ही दुहेरी मजुरी वाचविली आहे. 'सर्व नोंदी' ही तारखेवार यादी म्हणजे रोजकीर्द. प्रत्येक वही म्हणजे खतावणीतील एक खाते. आणि लिहिणे मात्र एकदाच.

मग नोंद दोन वह्यांत का असू नये? तांत्रिक अडचण काहीच नाही. तिसरा एक तक्ता केला की झाले. अडचण माणसाची आहे. नोंद दोन वह्यांत असली, तर एका वहीतून ती काढून टाकताना दुसऱ्या वहीत ती राहते की जाते, हे दर वेळी आठवावे लागते. आईला हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. तिचे उत्तर असे : "अगं, पैसे एका डब्यातून काढले तर दुसऱ्या डब्यातले जातील कशाला?" तिच्या दृष्टीने दोन वह्यांतील नोंद म्हणजे दोन नोंदी, आणि माझ्या मते बहुतेक लोकांच्या दृष्टीनेही तसेच असावे. यास्तव मी नोंदीला घर एकच ठेवले आणि दुसऱ्या वहीत तिच्याकडे बोट दाखविणारी एक ओळ लिहिण्याची सोय केली.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणपत्रे लिहून लाकडी खणांत ठेवली. त्यांत प्रत्येक पत्राला कायमचा क्रमांक व एकच जागा होती. एखाद्या पत्राला जोडून नवा विचार सुचला, तर त्या क्रमांकापुढे अक्षर किंवा अंक वाढवून नवे पत्र तेथेच मागे घालावयाचे आणि दूरच्या पत्राकडे क्रमांकाने निर्देश करावयाचा. संगणकावाचून हे साधले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वहीच्या पोटात वही, तिच्या पोटात आणखी वही, अशी सोय पुष्कळ जण मागतात. साध्या आज्ञावलीत ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नावे नीट दिली तर दहाबारा वह्यांना उतरंड लागत नाही.

जुन्या नोंदींचे काय करावे, हेही ठरविणे आवश्यक आहे. वह्या येण्यापूर्वीच्या सर्व नोंदींसाठी 'किरकोळ' नावाची एक वही आपोआप तयार होते. तिचे नाव बदलता येते, ती काढून मात्र टाकता येत नाही. नवी नोंद जी वही उघडी असेल तिच्यात जाते. 'सर्व नोंदी' उघड्या असतील तर किरकोळमध्ये. शेवटी वापरलेल्या वहीत ती टाकावी, असे एका मैत्रिणीने सुचविले होते. परंतु किरकोळमध्ये पडलेली नोंद फक्त लावावयाची राहिलेली असते. चुकीच्या वहीत पडलेली नोंद हरवलेली असते. ज्याला एकच वही पुरते त्याला वह्यांची यादी दिसतच नाही. त्याच्यासाठी आज्ञावली पूर्वीइतकीच साधी राहते.

सर्वांत अधिक विचार करावा लागला तो वही काढून टाकण्याचा. वही गेली तर तिच्यातील नोंदींचे काय? एसक्यूलाइटला सांगितल्यास ती नोंदीही बरोबर पुसून टाकते, किंवा वहीत नोंदी असेपर्यंत वही काढूच देत नाही. यात एक मेख आहे : हे संबंध तपासण्याचे काम ती प्रणाली सहसा आपणहून करीत नाही, माहितीसाठा उघडताना दर वेळी तसे बजावावे लागते. न बजावल्यास वही जाते आणि नोंदी नसलेल्या वहीचा क्रमांक घेऊन मागे उरतात, कोणत्याच वहीत न दिसणाऱ्या.

नोंदी पुसणे मला मान्य नव्हते. आईच्या कर्ज खतावणीत वीस बायकांचे पैसे आहेत. एका चुकीच्या कळीने ते जाता कामा नयेत. मग वहीतील नोंदी किरकोळमध्ये हलवाव्यात काय? वरवर पाहता हे सुरक्षित वाटते. पण नीट विचार केल्यास असे दिसते की, दोनशे नोंदी किरकोळमधील इतर नोंदींत एकदा मिसळल्या की त्या पुन्हा निवडून काढणे म्हणजे तांदळात सांडलेली खसखस वेचणे. काहीच पुसले गेले नाही आणि तरी वही नष्ट झाली! याचे कारण असे की, कोणत्या नोंदी एकत्र होत्या ही देखील माहितीच असते. म्हणून वही काढली की ती आपल्या नोंदींसह, अखंड, 'रद्दी' या ठिकाणी जाते. तक्त्यात फक्त काढल्याची तारीख लिहिली जाते. ती तारीख खोडली की वही जशीच्या तशी परत. कायमचे पुसण्याची आज्ञा वेगळी, आणि ती देताना वहीचे नाव स्वतः टंकित करावे लागते.

एक गोष्ट मी जाणूनबुजून केली नाही. भावाने त्याच्या वहीला कुलूप मागितले होते. वहीपुढे कुलपाचे चित्र काढून परवलीचा शब्द विचारणे अवघड नाही. पण सर्व नोंदी एकाच फाइलीत उघड्या लिहिलेल्या असताना ते कुलूप म्हणजे भिंत नसलेल्या घराचा दरवाजा होय. ती फाइल दुसऱ्या साधनाने उघडणारा सगळे वाचू शकतो. खरे कुलूप म्हणजे मजकूरच सांकेतिक करून ठेवणे, आणि परवलीचा शब्द विसरल्यास तो मजकूर कायमचा गेला हे पत्करणे. एका लॅपटॉपवर तिघे असलेल्या घरात वेगळी वही म्हणजे खाजगी वही नव्हे. ज्या मुलीला काही खरोखर स्वतःपुरते लिहावयाचे असेल, तिला खोटे कुलूप देण्यापेक्षा कुलूप नाही असे सांगणे बरे.

शोध मात्र सर्व वह्यांत होतो, उघड्या वहीतील नोंदी आधी, आणि प्रत्येक निकालापुढे वहीचे नाव. मी एकदा 'व्याज' हा शब्द शोधला, तेव्हा कुळकायद्यावरील टिपण आणि गटाची कर्ज खतावणी एकाखाली एक आली. ही शेजारीण मला उपयोगाचीच वाटली.

सध्या वही छापून काढण्याचे काम चालू आहे. गटाच्या बायका पडद्यावरील आकड्यांवर सही करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून महिन्याच्या सभेपूर्वी एका वहीतील नोंदी तारखेच्या क्रमाने, पानांवर क्रमांक घालून, साध्या कागदावर उतरवून घेता आल्या पाहिजेत. समासात सहीपुरती जागा सोडावयाची आहे. ती किती, हे आईने पट्टीने मोजून दिले आहे.