आपापले पाणी

आमच्या त्या सहलीची यादी अद्याप माझ्या संग्रही आहे, आणि तिच्याइतका माझ्याविरुद्ध साक्ष देणारा दुसरा दस्तऐवज माझ्या दप्तरात नाही. लॉस एंजेलिसमधील आम्ही तीन मराठी कुटुंबे, मुलेबाळे आणि साताऱ्याहून मुलाकडे आलेले माझ्या मित्राचे वडील धरून बारा माणसे, मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारची सुट्टी साधून जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री तंबू ठोकून राहणार होतो. आणि आपल्या लोकांच्या रीतीस अनुसरून भडंग कोणी करायचे, थालीपिठाची भाजणी कोणाकडची, इतकेच काय, लिंबाच्या लोणच्याची बरणी कोणाच्या गाडीत, याचा तपशील नावनिशीवार मुक्रर झालेला होता. ‘पाणी’ या शब्दापुढे मात्र, माझ्याच अक्षरात, एवढेच लिहिले होते : ‘आपापले’.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर हे उद्यान आहे. मिनर्व्हा हॉइट या बाईंनी वाळवंटी वनस्पतींच्या रक्षणासाठी जी दीर्घ खटपट केली तिला यश येऊन १९३६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा मुलूख राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला आणि १९९४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटे येथे एकमेकांना भिडतात. ज्याच्यावरून उद्यानाचे नाव पडले तो जोशुआ वृक्ष नावाचाच वृक्ष. वास्तविक तो घायपाताच्या गणगोतातला, त्यामुळे त्याच्या बुंध्याशी जी सावली पडते तीत एखादा माणूस, तोही अंगाने बारीक असल्यास, कसाबसा मावतो. जम्बो रॉक्स या आमच्या तळावर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा आहेत, शौचकूप आहेत, बसावयास बाके आहेत, नळ नाही. पिण्याचे पाणी उद्यानाच्या कडेच्या मोजक्या ठिकाणी तेवढे मिळते, अंतर्भागात नाही, हे तेथील प्रशासन वारंवार बजावीत असते. मी ते वाचले होते, आणि छापील सूचना या नेहमी इतरांसाठी असतात या सुशिक्षित माणसाच्या समजुतीने बाजूस सारले होते.

माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी हवे, असा तेथला दंडक आहे. बारा माणसे आणि दोन दिवस म्हणजे नव्वद लिटरांची बेगमी झाली. आम्ही प्रत्येक कुटुंबाने अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांचे एकेक खोके आणले होते : एकूण छत्तीस लिटर. त्यातच दोन वेळचा चहा, भात, आणि भाजणीच्या तव्याची धुणीभांडी. शिवाय खाणे सगळे खारट. शनिवारी हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या गाडीत आणखी एक खोके असल्याची खात्री होती.

रविवारी दुपारी पारा अडतीसवर गेला. आमच्या बर्फाच्या पेटीच्या तोटीखाली वाळूवर तळहाताएवढा ओला डाग पडला होता, त्यावर तासाभरात इतक्या मधमाश्या जमल्या की मुलांना पेटीजवळ जाता येईना. पाण्याची किंमत त्या जिवांना आमच्या आधी कळली होती.

अण्णा, म्हणजे मित्राचे वडील, खुर्चीत शांत बसून होते. “अण्णा, पाणी घेताय ना?” असे मी दोनदा विचारले. “घेतोय रे, मला काय धाड भरलीय!” हेच उत्तर दोन्ही वेळा आले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांचा चेहरा पांढुरका पडला होता, हात थंड आणि चिकट लागत होता, आणि खुर्चीखालच्या बाटलीचे झाकण फोडलेलेही नव्हते. “पोरांना लागंल म्हणून ठेवली,” असे ते मागाहून म्हणाले. पाणी कमी आहे हे आमच्यापैकी एकट्या त्यांनी ओळखले होते.

त्यांना गाडीत निजवून वातानुकूलन लावले, सदरा सैल केला, त्यांचाच पंचा पेटीतल्या वितळलेल्या पाण्यात भिजवून मानेवर व काखेत ठेवला, आणि मीठसाखर घातलेले लिंबूपाणी घोटघोट पाजले. मोबाइलला संपर्क नव्हता. अर्ध्या तासाच्या अंतरावरील ट्वेंटीनाइन पाम्स गावी डॉक्टरांनी तपासले, तेव्हा निदान उष्म्याने आलेल्या ग्लानीचे निघाले, आणि रक्तदाबासाठी ते जी गोळी घेत होते तीच मुळी शरीरातले पाणी बाहेर टाकणारी होती.

तेव्हापासून जो विचारतो त्याला मी सांगतो. पाणी एकाच माणसाच्या जिम्मेवर सोपवा, ते निरनिराळ्या भांड्यांत ठेवा, आणि रांधण्या-धुण्याचे पाणी माणशी गॅलनाच्या हिशेबात धरू नका. चालण्याचा बेत असेल तर तो गॅलन दुप्पट करा. वृद्धांना आणि मुलांना ‘प्यालात का’ असे विचारू नका, बाटली उचलून पाहा. उतारवयात तहान मंदावते, आणि त्या कोरड्या हवेत घाम अंगावरच उडून जात असल्याने तो गेल्याचे कळतही नाही. वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी वैद्याला विचारा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा; तेथे सरबताने भागत नाही, त्याला गार करीत तातडीने मदत गाठली पाहिजे, आणि संपर्क कोठे मिळतो हे त्यासाठी आधीच पाहून ठेवलेले असावे. एक फणीही जवळ असू द्या. चोया नावाच्या निवडुंगाची काटेरी बोंडे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. आमच्या धाकट्याच्या पोटरीवरचे बोंड हाताने ओढण्याच्या खटाटोपात ते माझ्या बोटांत रुतले, आणि अखेर पत्नीने फणीचे दात खाली घालून ते एका झटक्यात उडविले.

खरे तर मे महिन्यात तेथे जाऊच नये. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. तरीही सुट्टी मेमध्येच मिळत असेल, तर तंबूची जागा राखून ठेवण्याआधी आपल्या गाडीत पाण्याचे किती डबे मावतात ते एकदा अंगणात प्रत्यक्ष भरून पाहा.