अर्थशास्त्राचा तास

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातील अनेक विणकर येथे येऊन स्थायिक झाले. तेथील एका उर्दू शाळेत अर्थशास्त्राचे सर एकदा मुलांना म्हणाले, "उद्या घरून सुताचा भाव आणि कापडाचा भाव विचारून या."

दुसऱ्या दिवशी सरांनी ते आकडे फळ्यावर मांडले. सूत महागले होते. कापडाचा भाव मात्र तोच होता.

एक मुलगा उठून म्हणाला, "सर, अब्बांचे शेठ लबाड आहेत. आठ दिवस माग बंद ठेवलेत."

सर रागावले नाहीत. त्यांनी त्यालाच हिशोब करायला लावला. माग चालवला, तर प्रत्येक मीटरमागे शेठचा तोटा होत होता. मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण अब्बांना मजुरी मीटरवर मिळते. माग बंद, तर आमची चूलही बंद. ते कोणाच्या हिशोबात धरायचे?"

गणिताच्या शिक्षकाचे बरे असते. त्याची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात! सरांनी तो प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. वर्गात दोन शेठांची मुलेही होती. त्यांच्याकडे पाहून सर म्हणाले, "तुम्हीसुद्धा हा प्रश्न घरी विचारून या."