वैद्यकीय शिक्षण: पेरणीआधीची तपासणी



सोयाबीनची पेरणी करण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, चार-पाच दिवस ओल टिकवतो आणि मग कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य समजायचे. इंदूरची सोयाबीन संशोधन संस्थाही दरवर्षी हाच सल्ला देते. दोन-चार हजारांच्या बियाण्यासाठी आपण एवढी काळजी घेतो. पण मुलाला डॉक्टर किंवा मुलीला नर्स करायचे ठरले की दोन एकर विकून पैसे कोणाच्या तरी हाती देतो आणि तपासणी काहीच करीत नाही! बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाची गोष्ट प्रभू येशूने सांगितली आहे (लूक, अध्याय १४). तसाच हिशेब या पानावर आपण आज एकत्र बसून करू.

तीन गोष्टी तपासायच्या आहेत: मूल, कागद आणि कॉलेज.

१. मूल

पहिला प्रश्न मुलाला विचारा, आणि उत्तर शांतपणे ऐका. त्याला रोग्याची सेवा करावीशी वाटते का, की नावापुढे ‘डॉक्टर’ लागावे ही आपलीच हौस आहे? सिस्टरांच्या दवाखान्यात किंवा गावातील आजाऱ्यांच्या भेटीला त्याला चार-सहा रविवार पाठवा. जखमेचा वास, रात्रीचे जागरण, म्हाताऱ्यांची चिडचिड हे पाहूनही त्याचे मन तिकडे ओढ घेत असेल, तर बी जिवंत आहे असे समजावे.

दुसरी तपासणी अभ्यासाची. एमबीबीएस, दंतवैद्यक आणि आयुर्वेद यांसाठी ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. २०२५ च्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते. त्यांत जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो आणि एकूण गुण ७२०. म्हणून ‘आले नाही तरी ठोकून द्यायचे’ ही सवय इथे नुकसान करते. आमचा अनुभव असा, की खेड्यातील मुले जीवशास्त्र पाठ करतात आणि भौतिकशास्त्राला घाबरून ते मागे ठेवतात. गुण नेमके तिथेच जातात. महागड्या क्लासच्या आधी अकरावी-बारावीची एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके दोनदा नीट सोडवून घ्यावीत. महिन्यातून एका रविवारी, मिस्सा झाल्यावर, घड्याळ लावून घरीच पूर्ण पेपर लिहावा आणि गुण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडावेत. सहा महिन्यांचे हे आकडे म्हणजेच आपले गोणपाटातील कोंब. ते पाहून पुढचे ठरवावे.

भाषेचाही विचार आधीच करावा. नीटचा पेपर मराठीतही असतो, पण मराठी पेपरची केंद्रे महाराष्ट्रातच मिळतात. इंदूरच्या केंद्रावर बसणाऱ्या मुलाने हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एक भाषा अकरावीतच निश्चित करावी आणि पारिभाषिक शब्द त्याच भाषेत शिकावेत.

२. कागद

आपल्यापैकी अनेकांची मुले गुणांमुळे नव्हे, तर कागदांमुळे मागे राहतात.

(अ) नाव. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरे, असे आपल्यात फार आढळते. ही दुरुस्ती दहावीच्या फॉर्मआधी करून घ्या.

(आ) रहिवास. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा सर्व भारतासाठी असतात आणि ८५ टक्के त्या त्या राज्यासाठी. त्यामुळे मध्य प्रदेशच्या मूळ निवासी दाखल्याला फार महत्त्व आहे. काही पालक मुलाला बारावीपुरते पुण्या-नाशिकला मामाकडे ठेवतात. मात्र महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही तिथूनच उत्तीर्ण व्हावी लागते. एका वर्षासाठी मूल पाठवले, तर इकडचेही अडचणीत येते आणि तिकडचेही मिळत नाही.

(इ) सरकारी शाळा. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मध्य प्रदेशाने २०२३ पासून एमबीबीएसच्या ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. गावची शाळा सोडून मुलाला आठवीत खासगी शाळेत घालण्याआधी हे लक्षात घ्यावे.

(ई) जात व उत्पन्न. येथे आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. अनुसूचित जमातीचा दाखला धर्माच्या अटीने बांधलेला नाही, म्हणून आदिवासी ख्रिस्ती मुलांनी तो निःसंकोच काढावा. अनुसूचित जातीचा दाखला मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार हिंदू, शीख व बौद्ध यांनाच मिळतो. हा आपल्या अनेक कुटुंबांवरचा अन्याय आहे असे आम्हाला वाटते, आणि त्याविरुद्ध कायदेशीर लढा चालू आहे. तरीही बाप्तिस्मा लपवून दाखला काढू नका. असा प्रवेश पुढे कधीही रद्द होऊ शकतो, आणि ज्याची सुरुवात खोटेपणाने झाली त्या सेवेला आशीर्वाद कसा मागायचा? आर्थिक दुर्बल घटकाच्या केंद्रीय दाखल्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी असावी लागते. म्हणून सातबाराऐवजी इकडे जो खसरा-बी वन आपण काढतो, त्यावरील क्षेत्र नीट पाहून घ्या.

(उ) धर्मग्रामाचे पत्र. बंगळूरचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय भारतीय कॅथलिक बिशपांनी १९६३ मध्ये सुरू केले. तिथेही नीटच्या गुणांवरच प्रवेश होतो, पण कॅथलिक मुलांसाठी जागा असतात आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला व धर्मगुरूंचे पत्र लागते. शिक्षणानंतर ग्रामीण भागात सेवा करण्याचा करारही असतो. आयत्या वेळी धावपळ न करता फादरांना आधी भेटावे.

३. कॉलेज

इंदूरला वैद्यकीय शिक्षणाची जुनी परंपरा आहे. १८७८ मध्ये येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पण याच शहराने फसवणुकीची दुःखेही पाहिली आहेत.

जुलै २०१३ मध्ये इंदुरात दुसऱ्याच्या नावाने पीएमटी देण्यासाठी आलेले तोतये पकडले गेले आणि व्यापम घोटाळा उघडकीस आला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळातील ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच राहतील असा निर्णय दिला. वर्षे गेली, पैसे गेले आणि पदवीही गेली.

त्यानंतर नर्सिंगची पाळी आली. इमारत नाही, रुग्णालय नाही, शिक्षक फक्त कागदावर, अशा नर्सिंग महाविद्यालयांच्या तक्रारी झाल्या, तेव्हा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सीबीआयकडून तपासणी करवली. मे २०२४ मध्ये त्या तपासणीतीलच अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. या गोंधळात हजारो मुला-मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. त्यांत शेतकऱ्यांच्या मुलीच अधिक होत्या, हे सांगायला आकडे लागत नाहीत.

म्हणून हे नियम पाळा:

– एजंटाला एक पैसाही देऊ नका आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्या हाती ठेवू नका.
– एमबीबीएससाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या, नर्सिंगसाठी राज्य नर्सिंग कौन्सिलच्या आणि फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिलच्या यादीत त्या वर्षीची मान्यता स्वतः पाहा.
– कॉलेजात स्वतः जा. शेजारच्या रुग्णालयातील खाटांवर रुग्ण आहेत का ते पाहा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी फाटकाबाहेर बोला.
– खासगी महाविद्यालयाचे शुल्क राज्याच्या शुल्क नियामक समितीने ठरवलेले असते. तो आकडा पाहिल्याशिवाय जमिनीचा सौदा करू नका.
– मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना (२०१७) पाहा. मध्य प्रदेश मंडळात बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के गुण असतील आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर शुल्काचा भार शासन उचलते.

दुसरे दार

४ मे २०२५ च्या दुपारी इंदुरात वादळी पाऊस झाला. नीटच्या काही केंद्रांवर वीज गेली आणि मुलांनी अंधुक उजेडात पेपर लिहिले. ३० जूनला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी या मुलांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला. १४ जुलैला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. दोष मुलांचा नव्हता, तरी त्यांना दुसरी संधी मिळाली नाही. गारपीट कोणाच्या शेतावर पडेल हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच आपण सगळे रान एकाच पिकाखाली घालत नाही.

आरोग्यसेवेतही तसेच करावे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि ए.एन.एम. दोन वर्षांचे असते. सरकारी नर्सिंग महाविद्यालयांसाठी राज्याची वेगळी निवड परीक्षा असते. डी. फार्मसी दोन वर्षांत होते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, फिजिओथेरपी हीही कामे आहेत, आणि आपल्या तालुक्यांना या माणसांची फार गरज आहे. नीटच्या फॉर्मबरोबरच यांपैकी एका अभ्यासक्रमाचा फॉर्म भरून ठेवा. एक प्रयत्न फसला तर दुसरा करावा. तिसऱ्यांदा बसण्याआधी मात्र भिंतीवरचे आकडे पुन्हा पाहावेत.

आणि निकालाच्या दिवशी काय बोलायचे ते आजच ठरवा. ‘तुझ्यासाठी जमीन विकली’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. मूल गप्प राहू लागले, जेवेना, झोपेना, तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला पैसे लागत नाहीत.

सिस्टर मेरी ग्लाउरी ऑस्ट्रेलियात डॉक्टर झाल्या आणि १९२० मध्ये भारतात येऊन गुंटूरच्या गरिबांत राहिल्या. १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक दवाखान्यांची अखिल भारतीय संघटना उभी केली. मात्र त्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या, औषधे कुटणाऱ्या आणि रात्री दिवा घेऊन फिरणाऱ्या बायकाही होत्या. त्यांच्यावाचून एकही रुग्ण बरा झाला नसता. आपले मूल यांपैकी कोणत्या जागी उभे राहील हे प्रभू जाणतो. आपण बी तपासून, जमीन राखून, प्रामाणिकपणे पेरावे.

या महिन्यात एका रविवारी मिस्सेनंतर दहावी-बारावीच्या मुलांची कागदपत्रे घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात या. आम्ही ती एकेक करून पाहू.