खोली फिरत नाही, तरी तोल जातो : दोन्ही कानांतील तोल बिघडतो तेव्हा



साक्रीच्या वस्त्यांमध्ये आरोग्याची बैठक घेतली की चक्करेचा विषय निघतोच. कोणी म्हणतं बी.पी. असेल, कोणी म्हणतं अशक्तपणा. कानाचं नाव सहसा कोणी घेत नाही.

एका मावशींची गोष्ट सांगतो. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्यांनी दोन आठवडे इंजेक्शनं घेतली. ताप गेला, मावशी घरी आल्या. आठवड्याभरात चालताना पाय वेडेवाकडे पडू लागले. दिवसा भिंत धरून चालायच्या, रात्री लाईट गेली की जागेवरच बसून घ्यायच्या. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढे झुकायच्या. शेजारी कुजबुजू लागले की बाई प्यायला लागली. घरातल्या एकाने भगताकडे न्यायचं ठरवलं. आम्ही विचारलं, "मावशी, खोली गरगर फिरते का?" त्या म्हणाल्या, "खोली नाही फिरत वो ताई, मीच हिंदकळते." या उत्तरावरून आम्हाला कानाची शंका आली. तपासणीत ती खरी ठरली.

कानात तोल कुठे असतो?

कान ऐकण्यासाठी आहे, तसाच तोल सांभाळण्यासाठीही आहे. कानाच्या अगदी आत, हाडात, तीन अर्धगोल नळ्या आणि दोन लहान पिशव्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं हललं की ते पाणी हलतं आणि आतल्या केसांसारख्या बारीक पेशी मेंदूला खबर देतात, की डोकं डावीकडे वळलं, खाली झुकलं. मेंदू त्याच क्षणी डोळे उलट्या दिशेला सरकवतो. म्हणून आपण चालत असलो तरी समोरची पाटी स्थिर दिसते.

दोन्ही कान ही खबर सतत पाठवत असतात, आपण गप्प बसलो तरीही. एकच कान अचानक बिघडला, तर एकीकडून खबर येते आणि दुसरीकडून येत नाही. मेंदूला वाटतं आपण फिरतोय. म्हणून खोली गरगरते, उलटी होते आणि माणूस लगेच दवाखाना गाठतो.

दोन्ही कान सारखेच आणि हळूहळू बिघडले, तर दोन्हीकडची खबर एकदम कमी होते. फरक पडत नाही, म्हणून गरगरही होत नाही. माणूस फक्त डगमगतो. त्यामुळेच हा आजार महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

तोलाला तीन आधार असतात : कान, डोळे आणि तळपायांची जाणीव. कान गेले तरी उजेडात, सपाट फरशीवर डोळे आणि पाय काम भागवतात. अंधार झाला, डोळे मिटले किंवा शेताचा बांध, वाळू, मऊ गादी पायाखाली आली की तोल जातो. साखरेच्या आजाराने तळपाय बधिर झाले असतील तर त्रास आणखी वाढतो.

दोन्ही कान एकदम कशाने बिघडतात?

बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. सापडतं तेव्हा एक मोठं कारण औषधाचं असतं. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं तोलाच्या पेशी मारू शकतात. कॅनामायसिन आणि अमिकासिन जास्त करून ऐकण्यावर घाला घालतात. औषध रक्तातून दोन्ही कानांत पोचतं आणि आतल्या पाण्यात बरेच दिवस राहतं. म्हणून त्रास कधी कधी इंजेक्शन बंद झाल्यानंतर सुरू होतो आणि त्याचा संबंध कोणी जोडत नाही. मेलेल्या पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत.

हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी कमजोर असेल, वय जास्त असेल, डोस लांबला असेल किंवा सोबत लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू असेल, तर धोका वाढतो. काही घराण्यांत आईकडून आलेल्या दोषामुळे थोड्या डोसानेही बहिरेपण येतं.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 साली अमेरिकेत लागला. क्षयावर प्रत्यक्ष गुण देणारं ते पहिलं औषध. असंख्य जीव त्याने वाचवले, पण कानाचं नुकसानही लवकरच दिसलं. 1952 साली एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःचाच अनुभव छापला. या औषधाने त्याचा तोल गेला होता. आपल्याकडे क्षय उलटलेल्या रुग्णांना अनेक वर्षं सरकारी उपचारात सुरुवातीचे दोन महिने हेच इंजेक्शन मिळे. आता तो उपचार बंद झाला आहे आणि क्षयाचा उपचार मुख्यतः गोळ्यांवर चालतो. म्हणून कानाच्या भीतीने क्षयाची गोळी कोणीही सोडू नये.

दुसरी कारणंही आहेत. मेंदूज्वरानंतर दोन्ही कान जाऊ शकतात. मेनिएर आजार सहसा एका कानात सुरू होतो. कान भरल्यासारखा वाटतो, आवाज येतो, ऐकू कमी येतं आणि गरगरण्याचे झटके येतात. काहींना वर्षांनंतर दुसऱ्या कानातही तो होतो.

ओळखायचं कसं?

- चालताना दुकानाच्या पाट्या, समोरची माणसं उड्या मारल्यासारखी दिसतात. थांबलं की स्थिर होतात.
- अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो.
- बसल्यावर, आडवं झाल्यावर बरं वाटतं.
- मागच्या काही आठवड्यांत इंजेक्शनांचा कोर्स झालेला आहे.

ऐकू नीट येतं म्हणून कान चांगले, असं समजू नका. जेंटामायसिनने तोल जातो, पण ऐकणं शाबूत राहू शकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. तोल अचानक गेला आणि सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, एक हात-पाय लुळा असेल, तर तो झटका असू शकतो. एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्या.

आपल्या हातात काय आहे?

इंजेक्शन घेण्याआधी नाव विचारा. "किती दिवस? गोळीने भागेल का?" हे विचारणं उर्मटपणा नाही, तो आपला हक्क आहे. "सुई द्या, लवकर बरं वाटेल" असा हट्ट मात्र धरू नका. किडनीचा त्रास, घरातलं बहिरेपण, चालू गोळ्या आधी सांगा. सगळे कागद एका पिशवीत ठेवा. तान्ह्या बाळाच्या जंतुसंसर्गात जेंटामायसिन जीव वाचवतं, त्यामुळे गरज असेल तिथे नाही म्हणू नका. कोर्स चालू असताना कानात आवाज आला, चाल बिघडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

तोल गेलाच असेल तर चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. त्या मेंदूला सुस्त करतात आणि नवीन सवय लागू देत नाहीत. व्यायाम उपयोगी पडतो. भिंतीजवळ बसून समोर धरलेल्या अंगठ्यावर नजर ठेवा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा, एक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. जमलं की उभं राहून करा, पण जवळ कोणी असू द्या. घरात रात्री लहान दिवा ठेवा, काठी वापरा. विहिरीत, नदीत पोहायला उतरू नका. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. रात्री मोटारसायकल चालवू नका.

आमच्या त्या मावशी आज काठी घेऊन बाजाराला जातात. कान परतले नाहीत, पण चालणं बरंच परतलं. भगताचा खर्च वाचला आणि दारूचा डागही पुसला गेला. तुमच्या गल्लीत कोणी भिंत धरून चालत असेल, तर नावं ठेवण्याआधी एवढंच विचारा : "मागच्या महिन्यात कोणतं इंजेक्शन घेतलं होतं?"