खोल, वाहत्या पाण्यात उतरण्याआधी

रेणापूर भागातली आपली बरीच मुले विहिरीत पोहायला शिकतात. कमरेला रिकामा डबा बांधून हातपाय मारायचे, मग बुडी, आणि कोण जास्त वेळ दम धरतो याची पैज. हीच मुले पुढे मालवण-तारकर्लीला जाऊन स्कुबा करतात. काहींना त्यात कामही करावेसे वाटते. त्यांच्या घरच्यांना आम्ही सांगू इच्छितो की विहिरीतली दम धरायची सवय तिथे जीव घेऊ शकते.

कारण साधे आहे. विहिरीत आपण वरची हवा छातीत घेऊन बुडतो. ती खाली आकसते आणि वर येताना पूर्वीइतकीच होते. पाठीवर टाकी असली की खालच्या दाबाची हवा छातीत जाते. 10 मीटरवर दाब दुप्पट, 30 मीटरवर चौपट. ती हवा रोखून वर आलो तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. त्याला दीड-दोन मीटरही पुरतात. म्हणून श्वास सतत, संथ चालू ठेवायचा.

प्रवाहाबरोबर वाहत करायच्या खोल बुडीला ड्रिफ्ट डाइव्ह म्हणतात. नवख्याचे ते काम नव्हे. पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंतच जाता येते, पुढच्या कोर्सनंतर 30. वर तासभर पुरणारी टाकी 30 मीटरवर पाव तासात संपते. शिवाय त्या खोलीला दारू प्यायल्यासारखी गुंगी येऊ शकते. तसे वाटताच थोडे वर यावे, ती उतरते. प्रवाहाशी झुंजू नये, दम लागतो आणि हवा संपते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते, म्हणून दिवस आणि भरती-ओहोटीची वेळ बघूनच उतरतात. जोडीदार सोडायचा नाही. चुकामूक झालीच तर मिनिटभर शोधून वर यायचे. मागून येणाऱ्या होडीला दिसावा म्हणून नारंगी फुगा आणि शिट्टी जवळ हवी. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा घाई नको, आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे.

तयारी मात्र घरूनच सुरू होते. दमा, फिट येणे, हृदयविकार, फुटलेला कानाचा पडदा, गरोदरपण यांपैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. आपल्या वस्त्यांत टीबी होऊन गेलेले बरेच असतात. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला तरी फुप्फुसावर व्रण राहतो, तिथे हवा अडकते. त्यांनी लातूरच्या शासकीय रुग्णालयात छातीची तपासणी करून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. सर्दी असेल तर नाकात थेंब टाकून उतरू नका. थेंबाचा असर खालीच संपला तर कान अडकतो. आदल्या रात्री दारू नको, झोप पुरी हवी.

परतीचे कोणी बोलत नाही. खोल बुडीनंतर अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो. उंचावर गेले की त्याचे बुडबुडे होतात. कोकणातून लातूरला यायचे म्हणजे घाट चढणे आलेच, आणि आपला भागही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे त्याच रात्रीची गाडी धरू नका. एका बुडीनंतर किमान 12 तास, जास्त बुड्या झाल्या असतील तर 18 तास किनाऱ्यावरच थांबा. घरी आल्यावर सांधे ठणकले, हातपाय बधिर झाले किंवा चक्कर आली तर तो प्रवासाचा शीण समजून अंग चोळत बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना आधी बुडीचे सांगा.